राखेतली उपाधी

२०१६च्या जुलैत माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं आणि त्याच रविवारी मी वाईला अण्णांना पेढे द्यायला गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी शाळेत संस्कृत शिकवण्यात गेली. त्याआधी तरुणपणी वाईतल्याच शास्त्र्यांपुढे बसून त्यांनी न्यायशास्त्राचे सुरुवातीचे ग्रंथ वाचले होते. पेढा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय केलंस की ही पदवी देतात?"

विद्यापीठ अनुदान आयोगाचे त्या वर्षीचे नवे नियम मी पर्समधून नेलेच होते. वाचून दाखवले. आधी कोर्सवर्क, किमान आठ क्रेडिटचं, त्यात ५५ टक्के हवेत. मग दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभं राहून काम दाखवायचं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा; बायकांना वर दोन वर्षांची सवलत. एक शोधनिबंध चांगल्या नियतकालिकात छापून यायला हवा, दोन परिषदांत वाचायला हवेत. मग प्रबंध. तो गाइडखेरीज बाहेरचे निदान दोन परीक्षक तपासणार. शेवटी व्हायवा, आणि ती खुली. विभागातले शिक्षक, इतर संशोधक, ज्यांना त्या विषयात रस आहे असे कुणीही येऊन बसू शकतात.

शेवटचं ऐकून अण्णा खूश झाले. "हे चांगलंय. वाद सभेतच व्हायला हवा. पण हे सगळं कसं करायचं ते झालं. करायचं काय?"

"ज्ञानात नवी भर घालायची."

"नवी," अण्णा म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. त्या एका शब्दावर ते मग तासभर बोलत राहिले. मी अर्धंच ऐकलं, कारण चारची एसटी गाठायची होती. उरलेलं अर्धं कळायला मला पुढची सात वर्षं लागली.

अण्णा जे सांगत होते तो आपल्या दर्शनांतला फार जुना वाद आहे. ज्ञानाला प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, कधी म्हणायचं? मीमांसकांचं म्हणणं, ते अनधिगत हवं, म्हणजे जाणणाऱ्याला आधी माहीत नसलेलं. जे कळलेलंच आहे ते पुन्हा कळण्यात प्रमाणाने काय काम केलं? नैयायिकांना हे मान्य नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या जयंत भट्टाने ही नवेपणाची अट सपशेल नाकारली. वस्तू आहे तशी कळली की झालं, ती पहिल्यांदा कळली की दहाव्यांदा, याने ज्ञानाच्या खरेपणात काय फरक पडतो? आणि सतराव्या शतकात धर्मराज अध्वरींद्राने वेदान्तपरिभाषेत दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले: अनधिगत आणि अबाधित. आधी न कळलेलं, आणि नंतर खोटं न ठरलेलं. त्यात एक बारकावा आहे, जो अण्णांनी त्या दिवशी बोट वर करून सांगितला होता. स्मृतीलाही प्रमेत धरायचं असेल तर पहिला शब्द गाळता येतो. दुसरा कधीच गाळता येत नाही.

विद्यापीठ ज्या नवेपणाची मागणी करतं तो मीमांसकांच्या नवेपणाहून कडक आहे, हे मान्य करायला हवं. तिथे जाणणाऱ्यापुरतं नवं चालतं. इथे जगात कुणालाच माहीत नसलेलं हवं. म्हणून पहिलं दीड वर्ष दुसऱ्यांनी काय केलं ते वाचण्यात जातं. हजारभर निबंध चाळायचे आणि त्यांच्यामध्ये कुठे मोकळी जागा दिसते का ते बघायचं. या जागेला आमच्यात 'गॅप' म्हणतात. गॅप मिळाली की टॉपिक मिळाला. मला माझी गॅप अंगणात मिळाली.

मी कराडजवळ राहते, सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवते. गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, तुळशीच्या पानांवर काळी राख उतरते. कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याची ही राख. उडते ती थोडी, बाकी ट्रॉलीच्या ट्रॉली कुठेतरी खड्ड्यात ओतली जाते. या राखेत सिलिका भरपूर असते. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी ही सिलिका हळूहळू जुळते आणि काँक्रीटला ताकद देणारं तेच द्रव्य तयार होतं जे सिमेंट स्वतः करतं. म्हणजे दहा टक्के सिमेंट काढून तिथे राख घालायची आणि ताकद कमी होऊ द्यायची नाही. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते, त्यातून कर्बवायू निघतो. तेवढा तो वाचतो, आणि गावाची राखही कामी येते. राख वापरून बघणारे माझ्याआधी पुष्कळ झाले होते, पण आमच्या भागातली राख, आमच्या भागातली वाळू आणि नव्वद दिवसांपर्यंतची ताकद हे एकत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. समितीने टॉपिक मंजूर केला.

यात तत्त्वज्ञान कुठे आहे, असं कुणालाही वाटेल. पूर्वीही वाटलंच होतं. प्रशियातल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता, आणि तो त्यांना मिळू नये असं जुन्या विद्यापीठांचं म्हणणं होतं. १८९९ साली कैसर दुसऱ्या विल्हेल्मने तो दिला. त्याच्या आधी, १८६३मध्ये, अमेरिकेत येल विद्यापीठाने विलर्ड गिब्जला अभियांत्रिकीतली पीएचडी दिली होती. विषय होता दातेरी चाकांच्या दातांचा आकार. करणं वेगळं आणि जाणणं वेगळं, असं मानणाऱ्यांना हे पटणं कठीण होतं. मला यावर उत्तर धर्मकीर्तीत मिळतं. सातव्या शतकातल्या या बौद्ध तत्त्वज्ञाने ज्ञानाची कसोटी कृतीत ठेवली. जे अविसंवादी, म्हणजे ज्याच्या भरवशावर पाऊल टाकलं तर जे फसवत नाही, ते खरं ज्ञान. विस्तव म्हणून जे कळलं त्यावर भात शिजला पाहिजे. स्लॅबखाली झोपणाऱ्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

२०१७-१८च्या हंगामातली राख मी पोत्यांनी आणली, चाळली, जाड काळे तंतू काढून टाकले, उरलेली दळून घेतली. मग क्यूब टाकायला सुरुवात केली. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. क्यूब म्हणजे १५० मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा. साच्याला आतून तेल लावायचं, माल तीन थरांत भरायचा, दर थराला लोखंडी सळईने ३५ ठोसे द्यायचे. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत सोडायचा, पाणी २७ अंशांच्या आसपास. सात दिवस, अठ्ठावीस दिवस, नव्वद दिवस. मुदत भरली की तो मशीनच्या दोन जबड्यांमध्ये ठेवायचा आणि ठरलेल्या गतीने भार वाढवत न्यायचा. काटा चढत जातो. आधी कोपऱ्यातून बारीक करकर येते, मग बाजूंचे पापुद्रे सुटतात, आणि मग एक बसका आवाज होतो. काटा मागे येतो. नीट फुटलेला क्यूब हातात घेतला की त्याचा डमरू झालेला असतो: वर-खाली पसरट, मध्ये निमुळता. जबड्यांना टेकलेल्या बाजू घर्षणाने धरून ठेवल्या जातात म्हणून तसं होतं. तुटलेल्या तोंडावर खडी, वाळू आणि राखाडी लगदा कसे एकमेकांना धरून होते ते उघडं पडतं. मी पाचशेच्या वर क्यूब फोडले असतील. तो डमरू हातात घेऊन बघायचा मोह एकदाही टळला नाही.

एका क्यूबवरून काही सांगता येत नाही. तिघांची सरासरी घ्यायची, आणि तिघांपैकी एखादा सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त ढळला तर तो नमुनाच बाद. हा मानकाचा नियम अण्णांना फोनवर सांगितला तेव्हा ते म्हणाले, "तीन साक्षीदार, आणि त्यांचं आपसांत जुळायला हवं. तुमच्या मानकवाल्यांना व्यवहार कळतो."

पहिल्या हंगामाच्या राखेने मला भरभरून दिलं. एम-३० काँक्रीटसाठी आम्ही चौरस मिलिमीटरला सरासरी ३८.२५ न्यूटनची ताकद धरून मिश्रण ठरवतो; म्हणजे क्यूबने साधारण ८६० किलोन्यूटनपर्यंत भार सोसायला हवा. दहा टक्के राखेचे क्यूब तो ओलांडून गेले, आणि नव्वद दिवसांवर तर नुसत्या सिमेंटच्या क्यूबच्याही पुढे. मी निबंध लिहिला, एका परिषदेत वाचला, नियतकालिकाकडे पाठवला. समितीने शाबासकी दिली. आता फक्त लिहून काढायचं राहिलं, असं सगळे म्हणाले.

पुढच्या हंगामात राख पुन्हा आणायचं खरं तर काही कारण नव्हतं. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलसाठी हवी होती म्हणून आणली, आणि आणलीच आहे तर तीन क्यूब टाकू म्हणून टाकले. अठ्ठावीस दिवसांनी पहिला सातशेवर फुटला. मी मशीन तपासलं. दुसरा सातशेच्या जरा वर, तिसरा सातशेच्या जरा खाली. तिन्ही साक्षीदारांचं आपसांत नीट जुळत होतं. पुन्हा नऊ टाकले. तेही तसेच.

ऑगस्ट २०१९चा महापूर ओसरल्यावर समितीची बैठक झाली. मी दोन्ही हंगामांचे आकडे मांडले. समितीतल्या एका ज्येष्ठांनी मला नंतर बाजूला घेतलं आणि आपुलकीनेच म्हणाले, "मॅडम, तुमचा टॉपिक एका हंगामाच्या राखेचा आहे असं लिहा. दुसरा हंगाम कशाला मध्ये आणता? पहिले आकडे खोटे थोडेच आहेत? नवीन आहेत, पुरेसे आहेत." त्यांचं एक म्हणणं बरोबर होतं: पहिले आकडे खोटे नव्हते. मी ते आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. दुसरा हंगाम न मांडल्याने एकही नियम मोडला नसता. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या असत्या आणि कदाचित २०२०मध्येच पदवी हातात आली असती.

तो शनिवार मला आठवतो. वाईला गेले, अण्णांपुढे बसले, आणि कुणावर तरी ओरडावं तसं सगळं त्यांना सांगितलं. आई आतून म्हणाली, "कशाला ही उपाधी मागे लावून घेतलीस, अं? नोकरी आहे ना चांगली." अण्णा एकदम ताठ झाले. "उपाधी! बरोब्बर शब्द बोलली. तुझ्या राखेत उपाधी आहे."

मराठीत उपाधी म्हणजे कटकट. हिंदीत तर पदवीच. न्यायात तिचा अर्थ वेगळा आहे, आणि अण्णांनी तो मला त्यांच्या नेहमीच्या उदाहरणाने सांगितला, जे तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. धूर आहे तिथे विस्तव आहे, हे खरं. पण विस्तव आहे तिथे धूर आहे, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव आहे, धूर नाही. मग चुलीवर, होमात, वणव्यात, जिथे जिथे पाहिलं तिथे विस्तवाबरोबर धूर का दिसला? कारण तिथे जळण ओलं होतं. ओलं जळण ही उपाधी. ती नजरेआड राहते आणि आपण दोन गोष्टींचं नातं पक्कं समजतो. "तू म्हणतेस राख आहे तिथे ताकद आहे. पहिल्या हंगामात ताकद होती. दुसऱ्यात राख आहे, ताकद नाही. मग पहिल्या हंगामात राखेबरोबर दुसरं काय होतं? ते शोध. ते शोधल्याशिवाय तुझं पहिलं वाक्यसुद्धा तुला कळलेलं नाही."

शेवटचं वाक्य मला लागलं. आकडा खरा होता, पण मी त्यावरून जे म्हणत होते ते मला कळलेलं नव्हतं. अर्धं कळलेलं खरं मानून ते छापणं हे खोटं बोलणं नव्हे, पण पुढे कुणीतरी ते वाचून दुसऱ्याच हंगामाच्या राखेने स्लॅब टाकणार. तो स्लॅब कुणाच्या डोक्यावर असेल? धर्मकीर्तीची कसोटी मला त्या रात्री पुस्तकातली वाटेनाशी झाली. सोमवारी मी नियतकालिकाला लिहून निबंध परत मागवला.

कारखान्यात जाऊन बॉयलरवरच्या माणसांशी बोलले तेव्हा उत्तर फार लांब नव्हतं. दुसऱ्या हंगामात राख दुसऱ्या बॉयलरची होती. वीजनिर्मितीसाठी बसवलेला मोठा बॉयलर, जास्त दाबाचा. दोन्ही राखांची एक्स-रे डिफ्रॅक्शन चाचणी करून घेतली. पहिल्या राखेच्या आलेखात एक पसरट उंचवटा होता, म्हणजे सिलिका अस्फटिक, काचेसारखी, चुन्याशी जुळायला तयार. दुसऱ्या राखेच्या आलेखात एकामागून एक टोकदार सुळके. तापमान चढलं की सिलिका स्फटिकांत बांधली जाते आणि मग ती चुन्याला हात देत नाही. नुसती बारीक वाळूसारखी पडून राहते. अण्णांच्या उदाहरणात जळण ओलं होतं. माझ्याकडे जळण तेच होतं, आच वेगळी होती.

मग मी वेगवेगळ्या बॉयलरांची राख आणली, भट्टीत ठरावीक तापमानाला पुन्हा जाळून पाहिली, आणि जिथून आच जास्त झाली असं म्हणता येईल तो भाग शोधत बसले. मार्च २०२०मध्ये लॅबला कुलूप लागलं. टाकीत एकोणचाळीस क्यूब होते. त्यांच्या मुदती पाण्यातच उलटून गेल्या. उघडल्यावर ते फोडले, पण आकडे प्रबंधात घेतले नाहीत, कारण शेजारी ठेवायला त्या वयाचे दुसरे क्यूब नव्हते. सहा वर्षं जुलै २०२२मध्ये संपली. बायकांसाठीच्या सवलतीतले काही महिने वापरले आणि सप्टेंबरात सबमिशन केलं.

सबमिशनआधी प्लॅगॅरिझमची तपासणी होते. २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. माझ्या तिसऱ्या प्रकरणाखाली लाल रेघा आल्या, आणि त्या सगळ्या क्यूब कसे टाकले त्या वर्णनाखाली: तीन थर, पस्तीस ठोसे, सत्तावीस अंश. ते वेगळ्या शब्दांत लिहायला बसले आणि थांबले. ही वाक्यं हजार प्रबंधांत सारखीच असणार, आणि तशीच असायला हवीत. सगळ्यांनी पस्तीसच ठोसे दिले तरच माझ्या आकड्याला दुसरा कुणी खोटं ठरवू शकतो. मी तिथे मानकाचा क्रमांक देऊन वर्णन आटोपतं घेतलं. पण मला वाटतं, आमच्या विद्येत जे सर्वांत कमी नवं असतं त्याच्याच आधारावर नव्याची परीक्षा होते, आणि नियमांना हे अजून नीट सांगता आलेलं नाही. २०२२च्या नव्या नियमांत शोधनिबंध छापून येण्याची सक्ती गेली आणि कोर्सवर्कमध्ये संशोधनाच्या नीतिमत्तेचा विषय आला. दोन्ही चांगलं झालं. माझ्या वेळी छापण्याची घाई होती म्हणूनच अर्धा कळलेला निबंध माझ्या हातून गेला होता.

नवं आणि खरं यांच्या भांडणात मी आता जयंत भट्टाकडे झुकते. मीमांसकांकडेही एक उत्तर आहे, जे मला अजून जवळचं वाटतं. एकाच घड्याकडे टक लावून पाहत राहिलं तर दुसऱ्या क्षणीचं ज्ञान नवं कसं, असं त्यांना विचारलं जायचं. त्याला धारावाहिक ज्ञान म्हणतात. ते म्हणायचे, दुसऱ्या क्षणीचा घडा म्हणजे त्या क्षणासह असलेला घडा. तो क्षण आधी कळलेला नव्हता. तरुणपणी अण्णांना ही पळवाट वाटायची. मला ती टाकीच्या कडेला उभी राहून पटली. दुसऱ्या हंगामाचा क्यूब तोच होता, फक्त हंगाम वेगळा होता, आणि माझ्या सबंध प्रबंधात जे काही नवं आहे ते त्या फरकातून आलं. मी तेच पुन्हा केलं नसतं तर नवं हाती लागलं नसतं.

एप्रिल २०२३मध्ये व्हायवा झाली. ऐंशी उलटलेले अण्णा भाच्याच्या गाडीतून आले आणि मागच्या रांगेत बसले. इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं. बाहेरच्या परीक्षकांनी सगळं ऐकून घेतल्यावर चष्मा काढला आणि विचारलं, चिपाडाच्या राखेने ताकद वाढते हे तर माहीतच होतं, मग यात नवीन काय? मी म्हटलं, सर, ती कधी वाढत नाही हे यात आहे. त्यांनी पन्नास मिनिटं प्रश्न विचारले. त्यातले दोन असे होते की त्यांची उत्तरं मला आली नाहीत, आणि ती येत नाहीत असं मी सांगितलं.

बाहेर चहा घेताना अण्णांनी विचारलं, "आणि उद्या तुझं हेही चुकीचं निघालं तर? पदवी परत घेतात?"

"नाही घेत, अण्णा."

"बरं." त्यांनी बशीत चहा ओतला. "मग पुढच्या हंगामाचं काय करायचं ठरवलंयस?"

तेव्हापासून दर हंगामात मी बॉयलरवर जाऊन आचेची नोंद वहीत उतरवून घेते, अर्धं पोतं राख आणते आणि नऊ क्यूब टाकते. हे कुठल्या प्रकल्पात नाही, याचा निबंधही होणार नाही. या वेळच्या नोंदीत एक गोष्ट बसत नाही: आच जास्त होती, तरी अठ्ठावीस दिवसांचे तिन्ही क्यूब आठशेच्या पुढे गेले. उसाच्या जातीमुळे की पाचट जास्त आल्यामुळे, ते बघतेय. उरलेले तीन अजून टाकीत आहेत. त्यांचे नव्वद दिवस येत्या मंगळवारी भरतात.